मीठ पडण्याआधीची एक वाटी



घरात कुणी आजारी पडलं की बघायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला हमखास देतो. "काही नाही, गरम गरम सूप देत राहा." सल्ला चुकीचा नसतो. पण ते सूप करायचं कुणी, हे कुणीच सांगत नाही. भाज्या आणायच्या, चिरायच्या, शिजवायच्या, गाळायच्या आणि नंतर मिक्सरचं भांडं घासायचं. एवढी ताकद अंगात असती तर माणूस अंथरुणात कशाला पडला असता?

मागच्या पावसाळ्यात हा प्रश्न माझ्याच घरात येऊन बसला. मी म्हैसूरला कुवेंपुनगरमध्ये दोन खोल्यांत भाड्याने राहते. डेंग्यू झाला. ताप पाच-सहा दिवसांत उतरला, पण अशक्तपणा काही जाईना. ओट्याशी पाच मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी यायची. मिरजेहून आई रात्रीची गाडी पकडून आली. आईला बीपीचा त्रास आहे. मीठ कमी खायचं हे डॉक्टरांनी तिला बजावलेलं आहे. शिवाय दोन्ही गुडघे दुखरे. म्हणजे मला तिखट-तेलकट चालत नव्हतं, तिला मीठ चालत नव्हतं आणि ओट्याशी उभं राहणं दोघींनाही जमत नव्हतं.

तुमच्याकडेही असं कधी झालं असेल. कदाचित आत्ता चालू असेल. ऑपरेशन झालेले आजोबा, बाळंतीण बहीण, केमोथेरपी घेणारी मावशी किंवा परगावी एकटा राहणारा आणि टायफॉईड झालेला भाऊ. अशा वेळी तयार सूप विकत घ्यावंच लागतं. ते परवडणारं कसं मिळवायचं आणि आपल्या पथ्यात बसणारं आहे हे कसं ओळखायचं, त्याबद्दल आज बोलू या.

पाकिटाची मागची बाजू

आमची पहिली धाव अर्थातच कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. सुपाची पाकिटं स्वस्त, टिकाऊ आणि गरम पाण्यात पाच मिनिटांत तयार होणारी. दोन दिवस आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ तेच प्यायलो. तिसऱ्या दिवशी आईचे पाय सुजलेले दिसले. बीपी मोजलं तर नेहमीपेक्षा बरंच वर गेलेलं. नुसत्या सुपाचा दोष होता असं मी म्हणणार नाही. प्रवास होता, जागरण होतं, काळजी होती. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "बाहेरचं काय काय खाताय?"

घरी येऊन आईने पाकीट उलटं केलं आणि चष्मा लावून वाचायला घेतलं. तेव्हापासून मीही वाचते. तुम्हीही वाचा. बघायच्या गोष्टी फक्त तीन आहेत.

पहिली गोष्ट सोडियम. आपल्याकडे पाकीटबंद पदार्थांवर सोडियमचा आकडा छापावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम येतं. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. समजा, एका वाटी सुपात ७०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. तर त्यात पावणेदोन ग्रॅम मीठ झालं. दिवसाच्या मर्यादेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एका वाटीतच संपला. आमटी, भाजी, लोणचं अजून बाकीच आहे.

दुसरी गोष्ट, हा आकडा कशाचा आहे ते बघा. १०० ग्रॅम पावडरचा, की एका वेळच्या वाटीचा? आणि पाकिटावर "४ जणांसाठी" लिहिलं असेल आणि आपण दोघांत संपवत असू, तर प्रत्येकाच्या पोटात दुप्पट मीठ जातं. आम्ही नेमकं हेच करत होतो.

तिसरी गोष्ट घटकांची यादी. ज्याचं वजन जास्त तो घटक यादीत आधी लिहिलेला असतो. नाव टोमॅटो सुपाचं आणि यादीत सुरुवातीलाच मक्याचं पीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं, तर आपण मुख्यतः काय पितो आहोत ते समजून घ्या. मधुमेह असेल तर हे वाचणं फारच गरजेचं. गव्हाचं पीठ, दूध, सोया यांसारख्या, काहींना न चालणाऱ्या घटकांची सूचनाही यादीच्या जवळपास वेगळी लिहिलेली असते.

पाकीट वाईटच असं नाही. तोंडाला चव नसलेल्या, पण मिठाचं बंधन नसलेल्या माणसाला ते कधीमधी चालून जाईल. एका वेळच्या पावडरीत दुप्पट पाणी आणि शिजवलेल्या मुगाच्या डाळीचा एक डाव घातला, तर मीठ दोन वाट्यांत विभागलं जातं आणि पोटालाही थोडा आधार मिळतो. मात्र पथ्य कडक असेल तर ही युक्ती पुरत नाही.

सैनिकांच्या डब्यातून आपल्या कपाटात

दुकानात पावडरीखेरीज आणखी एक प्रकार मिळतो. जाड, चकचकीत पिशवीत आधीच शिजवलेली डाळ, सांबार, रस्सम किंवा सूप. पिशवी गरम पाण्यात ठेवायची, कापायची आणि खायचं. या पिशव्यांशी म्हैसूरचं जुनं नातं आहे.

म्हैसूरमध्ये अन्नावर संशोधन करणाऱ्या दोन मोठ्या सरकारी संस्था उभ्या राहिल्या. एक सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. १९५० मध्ये ती सुरू झाली, म्हैसूरच्या राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांसाठी पावडर बनवण्याची पद्धत याच संस्थेने शोधली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तिने रुग्णांसाठी जास्त प्रथिनांची बिस्किटंही पुरवली होती. दुसरी संस्था डीएफआरएल, म्हणजे संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा या नावाने सुरू झालेली. ती १९६१ ची. सीमेवर, बर्फात, पाणबुडीत राहणाऱ्या जवानांना चूल न पेटवता जेवता यावं, यासाठी तिथे काम झालं.

जवानाला जे हवं असतं तेच आजारी माणसाला हवं असतं. स्वयंपाक न करता मिळणारं, न बिघडणारं, ओळखीच्या चवीचं जेवण. अशा पिशवीला रिटॉर्ट पाउच म्हणतात. पदार्थ पिशवीत भरून ती हवाबंद करतात आणि मग दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत तापवतात. आपल्या कुकरचंच मोठं भावंड म्हणा ना! जंतू मरतात, बाहेरचे आत शिरू शकत नाहीत, म्हणून पदार्थ फ्रीजशिवाय कित्येक महिने टिकतो.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी की हा पदार्थ उष्णतेमुळे टिकतो, मिठामुळे नाही. तेव्हा अशा पिशवीत मीठ कमी असू शकतं. पण असेलच असं नाही, कारण चवीसाठी कंपन्या ते घालतातच. म्हणून इथेही मागची बाजू वाचायची. फुगलेली किंवा गळकी पिशवी स्वस्तात मिळाली तरी घ्यायची नाही. ही पिशवी पावडरीपेक्षा महाग पडते, त्यामुळे रोजच्यासाठी नको. मात्र दोन-तीन पिशव्या कपाटात असाव्यात. ज्या दिवशी डबेवाल्या काकू सुट्टीवर आणि बाहेर मुसळधार पाऊस, त्या दिवसासाठी.

खारा आणि खारट

मग रोजचं काय? उत्तर आमच्या गल्लीतच होतं. कोपऱ्यावर एक छोटी खानावळ आहे. कर्नाटकात जेवणात सारू असतंच. तुरीच्या डाळीचं पाणी, टोमॅटो, चिंच आणि धणे-जिरे-मिऱ्यांचा मसाला. आपलं सार आणि त्यांचं सारू ही नावं तर सख्ख्या बहिणींसारखी. आई म्हणाली, "अगं, हे तर सूपच आहे! आपण कुठे शोधत बसलोय?"

ती डबा घेऊन गेली. कन्नड येत नाही, पण मिरजेचा आत्मविश्वास भरपूर. घरमालकीण आंटींकडून तिने "बेडा" म्हणजे "नको" एवढं शिकून घेतलं होतं. मीठ नको हे सांगायला ती ठणकावून म्हणाली, "खारा बेडा!" खानावळीच्या अण्णांनी मान डोलावली आणि डबा भरून दिला. घरी येऊन चाखलं तर तिखटाचा पत्ता नाही आणि मीठ मात्र जिथल्या तिथे!

झालं असं की कन्नडमध्ये "खारा" म्हणजे तिखट. आपण खारं म्हणतो ते त्यांचं "उप्पु". आईने मीठ नको म्हणून सांगितलं आणि अण्णांनी मिरची काढली. आम्ही खूप हसलो. पण पथ्य पाळताना एका शब्दाची चूक किती महागात पडू शकते, हेही कळलं. म्हणून म्हैसूर, बंगळूरु, हुबळीकडे राहणाऱ्या किंवा उपचारांसाठी येणाऱ्या मराठी वाचकांनी ही चार वाक्यं फोनमध्ये लिहूनच ठेवा:

"उप्पु कम्मि हाकि" म्हणजे मीठ कमी घाला.
"उप्पु हाकबेडि" म्हणजे मीठ घालू नका.
"खारा बेडा" म्हणजे तिखट नको.
"बेळे कट्टु" म्हणजे डाळ शिजवल्यावरचं पाणी. आपण पुरणपोळीच्या दिवशी ज्याला कट म्हणतो तोच.

यातल्या चौथ्या शब्दाने आमचं घर तारलं. कसं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी आंटी आईबरोबर गेल्या आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, सारूचं पातेलं एकच असतं, एकदा मीठ पडलं की काढता येत नाही. पण सकाळी साडेदहाला डाळ शिजते. मसाला, मीठ पडण्याआधी आलात तर नुसती डाळ आणि तिचं पाणी देतो. हवं तर त्यात उकडलेला दुधी नाहीतर गाजर टाकतो.

बस्स. रोज साडेदहाला आमचा डबा जाऊ लागला. एका डब्याचे ते ३० रुपये घ्यायचे आणि त्यात आमच्या दोघींच्या दोन वेळा निघायच्या. घरी आणून मी माझ्या वाटीत चिमूटभर मीठ घालायची, आई तिच्या वाटीत लिंबू पिळायची. जिरेपूड दोघींना. एकाच डब्यातून दोन पथ्यं सांभाळली गेली.

वाचकहो, मला आज तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. "सूप कुठे मिळेल?" असं विचारत फिरू नका. "माझ्या घराजवळ रोज डाळ कुठे शिजते आणि मीठ पडण्याआधी मला तिथे एक वाटी मिळेल का?" असं विचारा. आपल्या देशात डाळ न शिजणारी गल्ली सापडणं कठीण आहे. पुण्या-मुंबईत पोळीभाजी केंद्र असेल, कोल्हापूर-सांगलीत खानावळ असेल, परदेशात डबे देणाऱ्या मराठी काकू असतील. सगळीकडे सकाळी वरणासाठी डाळ लागतेच. मागायला संकोच वाटतो, पण बिनमिठाचं, बिनफोडणीचं काढून देणं त्यांना सोपं असतं. त्यांचं काम वाढत नाही, उलट कमी होतं.

मागताना काय मागायचं

"आजारी माणसाला चालेल असं काहीतरी द्या" असं सांगू नका. प्रत्येकाच्या मनातला आजारी माणूस वेगळा असतो. नेमकं नाव घ्या. वरणाचं पाणी, मुगाचं कढण, भाताची पेज, नाचणीची आंबील, दुधीचा उकडलेला रस्सा, बिनमसाल्याचं टोमॅटोचं सार. कोकणातल्या घरगुती डबेवाल्यांकडे कुळथाचं कढण मिळू शकतं. म्हैसूर भागात कुळथाला "हुरळी" म्हणतात आणि हुरळीचं सारू इथे घरोघरी होतं.

घरून डबे देणाऱ्या ताईंकडून रोज घेणार असाल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा. घरगुती विक्रीलाही नोंदणी लागते. आणि पथ्य कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. कागद ओट्यासमोर चिकटतो.

पैशाची बचत करायची असेल तर एक वाटी नव्हे, अर्धा लिटरचा डबा ठरवा आणि आठवड्याचे पैसे एकदम द्या. अनेक जण तेवढ्यावर थोडे कमी घेतात. शेजारी आणखी कुणी पथ्यावर असेल तर दोघांचा डबा एकत्र लावा. अॅपवरून सूप मागवताना मात्र पोचवण्याचा आकार, डब्याचा आकार असं सगळं मिळून बरीच रक्कम वर चढते. शक्य असेल तर पायी जाऊ शकणाऱ्या कुणाला तरी पाठवा.

रुग्णाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्यांनी आपलीही सोय बघावी. कर्नाटकात २०१७ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा कँटीनमध्ये नाश्ता ५ रुपयांना आणि जेवण १० रुपयांना ठेवलं गेलं. म्हैसूरमध्येही ही कँटीनं आहेत. तिथलं सांबार मीठ-मसाल्याचं, त्यामुळे पथ्याच्या माणसाला नाही चालणार. पण सोबत करणाऱ्याचं पोट भरलं तर उरलेले पैसे रुग्णाच्या वाटीसाठी वापरता येतात.

प्रत्येकाचं पथ्य वेगळं

शेजारच्या काकांना जे चाललं ते आपल्या बाबांना चालेलच असं नाही. काही गोष्टी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

किडनीचा आजार असेल तर प्रश्न फक्त मिठाचा राहत नाही. टोमॅटो, पालक, डाळी, नारळपाणी यांत पोटॅशियम असतं आणि काही रुग्णांना ते मोजून घ्यावं लागतं. ज्यांना दिवसभराचं पाणी मोजून दिलं आहे त्यांनी सूपही त्या पाण्यात धरायचं. आणि "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात सोडियमऐवजी बरंचसं पोटॅशियम असतं. नाव आरोग्याचं असलं तरी किडनीच्या रुग्णाने किंवा बीपी-हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मधुमेह असेल तर मक्याच्या पिठाने दाट केलेलं सूप आणि नुसती तांदळाची पेज, दोन्ही जपून. डाळीचं किंवा भाज्यांचं, न गाळलेलं सूप बरं.

गहू अजिबात चालत नसेल तर हिंगाकडे लक्ष द्या. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डाळीत गहू नाही म्हणून आपण निर्धास्त असतो आणि तो फोडणीतून येतो.

अर्धांगवायूनंतर किंवा खूप अशक्तपणात गिळायला त्रास होत असेल तर पातळ सूप श्वासनलिकेत जाऊन धोका होऊ शकतो. पिताना ठसका लागतो का ते बघा. लागत असेल तर सूप थांबवा आणि ते किती दाट असावं हे डॉक्टरांना विचारा.

आणि एक सगळ्यांसाठी. सूप म्हणजे जेवण नाही. गाळलेल्या पातळ सुपात पाणी, मीठ आणि समाधान असतं, ताकद फारशी नसते. आजारातून उठताना प्रथिनं लागतात. म्हणून पथ्यात बसत असेल तर डाळ घोटून घाला किंवा चालत असेल तर उकडलेलं अंडं बरोबर द्या. ३० ग्रॅम मुगात सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं असतात. ती चोथ्याबरोबर फेकून देऊ नका. तसंच जुलाब-उलट्यांमध्ये ओआरएसच्या जागी सूप चालत नाही. ओआरएसमधलं मीठ-साखरेचं प्रमाण मोजून ठरवलेलं असतं.

आणलेलं सूप सांभाळताना

विकत आणलेलं सूप हे आजारी माणसासाठी आहे, म्हणून जरा जास्त काळजी घ्यायची. स्टीलचा डबा किंवा थर्मास घेऊन जा. उकळतं सूप पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घेऊ नका. थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओतून टाका, मग सूप भरा. ते जास्त वेळ कडक राहतं.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. नंतर प्यायचा भाग आणल्या आणल्या छोट्या डब्यात काढून फ्रीजमध्ये टाका. पिताना लागेल तेवढंच काढून चांगली उकळी आणा. नुसतं कोमट करू नका. एकदा गरम करून उरलेलं परत ठेवायचं नाही. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा फ्रीजवर फार विसंबू नका. त्याच दिवशी संपेल एवढंच आणा.

आपलं पाकीट आपणच

घरात कुणी नियमित पथ्यावर असेल तर बऱ्या दिवसांत एक काम करून ठेवा. पाव किलो मुगाची डाळ मंद आचेवर खमंग भाजा, गार झाल्यावर दळा. त्यात दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चालत असेल तर चिमूटभर सुंठ घाला. मीठ घालायचं नाही. कोरड्या बरणीत भरा आणि बाहेर तारीख लिहा. गरज पडेल तेव्हा दोन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून सात-आठ मिनिटं उकळायचं. गुठळी होऊ नये म्हणून ढवळत राहायचं, एवढंच काम. खुर्चीवर बसूनही होतं. कोकणात कुळथाचं पीठ घराघरांत असतं ते याचसाठी. भाजी नसो, ताकद नसो, डब्यात पीठ असलं की गरम काहीतरी पोटात जातं.

विकतचं घेतलं म्हणून कमीपणा कसला?

आईला सुरुवातीला फार लागलं होतं. "पोरगी आजारी आणि मी तिला खानावळीतलं घालते," असं ती फोनवर मावशीला म्हणाली ते मी ऐकलं. हा अपराधीपणा आपल्या घरांत बायकांच्या वाट्याला जास्त येतो. म्हणून तिला दोन गोष्टी सांगितल्या, तुम्हालाही सांगते.

आज आपण हॉटेलला रेस्टॉरंट म्हणतो. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये हा शब्द एका रश्श्यासाठी वापरत होते. अशक्त माणसाला ताकद देणारा रस्सा. तो विकणाऱ्या जागांनाच पुढे तेच नाव पडलं. म्हणजे रेस्टॉरंटची सुरुवातच दुबळ्या माणसाला विकत मिळणाऱ्या सुपापासून झाली.

दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडची. तिथे कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ मिळत नव्हता आणि त्यांच्या घरचं जेवण निकस होत चाललं होतं. म्हणून ज्युलियस मॅगी या गिरणीवाल्याने डाळी-कडधान्यांचं पीठ बाजारात आणलं आणि १८८६ मध्ये वाटाण्याचं, घेवड्याचं तयार सूप काढलं. कष्टकरी घराला स्वस्तात पोषण मिळावं हाच त्यामागचा विचार होता. मूळ कल्पना आपल्या मुगाच्या पिठापेक्षा फार वेगळी नव्हती.

आणि आपल्याकडे? आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी, यूष अशी पायरीच सांगितली आहे, पोट हळूहळू सावरावं म्हणून. मुगाचं यूष म्हणजे आपलं कढणच. कुणी शिजवलं यापेक्षा कुणासाठी आणि कसं शिजवलं याला महत्त्व आहे.

तीन आठवड्यांनी मी ओट्याशी उभी राहिले. आईची सूज उतरली होती, बीपीही जागेवर आलं होतं. परत जायच्या दिवशी ती खानावळीत निरोप घ्यायला गेली. अण्णांनी विचारलं, "उप्पु?" आई ऐटीत म्हणाली, "बेडा!" या वेळी शब्द बरोबर होता.

आज हा लेख वाचून झाला की एक काम करा. घरात सगळे ठणठणीत असतील तरीही करा. जवळच्या खानावळीत, पोळीभाजी केंद्रात किंवा डबेवाल्या ताईंना विचारून ठेवा की तुमच्याकडे डाळ किती वाजता शिजते आणि बिनमिठाची एक वाटी मिळेल का. त्यांचा नंबर फ्रीजच्या दारावर लावा. एकट्या राहणाऱ्या शेजारच्या आजींच्याही दारावर लावा. आजारपण सांगून येत नाही, पण वाटीची सोय आधी करून ठेवता येते.

काळजी घ्या. भेटू पुढच्या लेखात.